वाटीभर मुकिंदा

विद्यापीठातली ज्ञान साठवणारी यंत्रं मोडीत जाऊन पिढी लोटली होती. त्यांच्या थंडगार खोल्यांत आता पोरं डबे खायला बसत. विद्यापीठाचं सगळं ज्ञान गावाच्या स्वयंपाकघरांत, दह्याच्या मडक्यांत लागलेलं असायचं.

दह्यातल्या जिवाणूच्या पोटात एक नाजूक दोरा असतो. त्यावर मणी ओवावेत तशी अक्षरं ओवायची. जिवाणू दुणावला की अक्षरंही दुणावतात. एक मडकं नासलं तर शेजारून विरजण आणायचं. याला म्हणत विरजणढग. तो एका जागी नसतो, म्हणून कुणाच्या हातून सांडत नाही. चमचाभर दही 'चाखणी'ला दिलं की ते यंत्र अक्षरं वाचून बोलू लागे, विचारलं तर उत्तरही देई.

आनसाबाईंच्या मडक्यात त्यांचा लेक होता. मुकिंदा विद्यापीठात गणित, तारे आणि हा ढगही शिकवायचा. तापानं गेला, पण जाण्याआधी आपले धडे आणि आपला आवाज आईच्या दह्यात ओवून गेला. रोज सकाळी चाखणीला चमचा देऊन आनसाबाई म्हणायच्या, "मुकिंदा." आतून यायचं, "काय गं आये?" तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

अशा बाईनं एका रात्री कढत दुधात विरजण घातलं. परसातून शेजारच्या ताराक्काला "तुझं दही म्हंजे पांढरं पाणी" असं सुनावता सुनावता दुधात बोट घालून बघायचं राहिलं. जुनं दही पाहुण्यांच्या कढीत संपलेलं. सकाळी मडक्यात नुसतं दूध, आणि चाखणी मुकी.

डॉक्टर नसीमा मुजावर धावत आली. ती मुकिंदाची विद्यार्थिनी, आता त्याच्याच जागेवर शिकवणारी.

"मावशी, घाबरू नका. तुम्ही गावभर विरजण वाटलंय. घरोघरी सर आहेत. वाटी घ्या आणि मागा."

"मी मागू? ह्या दारानं दिलंय बाई. मागितलं न्हाई कधी."

"मग सरांना राहू दे मुकं."

आनसाबाईंनी वाटी उचलली.

ताराक्का दारातच उभी होती. "आनसाबाईच्या हातात रिकामी वाटी. थांब, डोळं भरून बघू दे."

"बघ. आन् भर. पातळ असलं तरी चालंल."

ताराक्कानं काठोकाठ भरली. "माझ्या नातवाला त्यानंच गणित शिकवलं," ती हळूच म्हणाली.

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. कुणाची सून त्याच्याकडं शिकली होती, कुणाची जाऊ. आपण वाटीवाटीनं केवढा लेक वाटला, हे आनसाबाईंना पहिल्यांदाच दिसलं.

वर्गात नसीमानं साऱ्या वाट्या चाखणीपुढं मांडल्या. "प्रत्येक घरचं थोडं चुकलेलं असतं. सगळं ताडून बघायचं. जास्त वाट्यांत जुळेल ते खरं."

आवाज आला. तोच, घोगरा, हसरा. आनसाबाई उठून उभ्या राहिल्या.

"मुकिंदा."

"नमस्कार. प्रश्न विचारा."

"आरं, मी हाय. तुझी आये."

"बसून घ्या. काय समजलं नाही ते सांगा."

नसीमानं मान खाली घातली. "मावशी, जिवाणू फुकटचं ओझं वाहत नाही. जे अक्षर कुणी वाचायला मागत नाही, ते पिढ्यापिढ्यांत झडून जातं. गावानं धडे मागितले, धडे राहिले. 'आये' फक्त तुमच्याच घरात मागितलं जायचं."

"म्हंजे ते कढत दुधात गेलं."

खिडकीबाहेरच्या घरांतून तोच आवाज कुणाला पाढा समजावत होता, कुणाला ताऱ्यांची अंतरं सांगत होता. सगळा गाव त्याचा झाला होता.

आनसाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पोरांच्या बाकावर कडेला बसल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "ढग म्हंजे काय वो?"

जिवंतपणी घरी या प्रश्नाला "तुला न्हाई कळायचं, आये" म्हणून उठून जाणारा मुकिंदा अगदी पहिल्यापासून, जराही न कंटाळता, त्यांना समजावून सांगू लागला.