सुईवाल्या डॉक्टरांचे अर्धे वाक्य

दिल्लीत सरोजिनी नगरच्या मेट्रोबाहेर मे महिन्याची धुळीची आंधी उठली. डोळ्यांत धूळ गेलेली देविका समोरच्या ऑटोत शिरली, आणि नेमक्या त्याच क्षणी पलीकडून एक उंच तरुणही आत येऊन बसला.

"भैया, मैंने पहले रोका था," तिने ठणकावले, मग स्वतःशीच पुटपुटली, "काय माणूस आहे, ढिम्म हलत नाही."

"हललो असतो," तो स्वच्छ मराठीत उत्तरला, "पण बाहेर आंधी आहे, आणि आत... तुम्ही."

देविकाला हसू आवरेना. ऑटो निघाली. सुधन्वा त्याचे नाव. सुभेदाराचा मुलगा, छावणीत वाढलेला.

"मी डॉक्टर आहे," तो सांगू लागला. "रक्तदाबाच्या रुग्णांना ॲक्युपंक्चरच्या सुया टोचतो, मग त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा काढतात. आज एका आजोबांनी—"

देविकाचा तळहात थेट त्याच्या ओठांवर गेला.

"एक शब्द नको! त्या प्रतिमा मीच वाचते."

अर्ध्या रुग्णांना खरी सुई, अर्ध्यांना खोटी, जिचे टोक कातडीत न शिरता मुठीतच मागे सरकते. कोणाला कोणती, हे केवळ टोचणाऱ्यास ठाऊक. वाचणाऱ्याला त्याचा सुगावा लागला, तर सारे संशोधन मातीमोल. म्हणूनच या दोघांना वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवले होते. साधी ओळखही करून दिली नव्हती.

तळहात जरा उशिराच खाली आला. उरलेली वाट दोघे आपापल्या बाजूची धूळ पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी देविकाने स्वतःहून प्रकल्पप्रमुख वीणाताईंना सारे सांगितले.

"नेमकं काय ऐकलंस?"

"'आज एका आजोबांनी', एवढंच."

"बरं. निकाल उघडेपर्यंत ही ओळख विसरायची. दोघांनीही."

ओळख विसरली गेली, ती केवळ जिभेपुरती. उपाहारगृहात सुधन्वा तिला पाहताच ताट घेऊन दूर जाई. पण खिडकीजवळची तिची आवडती खुर्ची मात्र ओढून ठेवलेली असे. आणि मेंदूच्या प्रतिमा न्याहाळताना देविकाला राहून राहून वाटे... काय बरे म्हणाले असतील ते आजोबा?

अखेर धुक्याने भरलेल्या एका सकाळी निकाल उघडला. खऱ्या सुयांच्या गटात मेंदूतील बदल ठळक उमटला होता, रक्तदाबही थोडा उतरला होता. टाळ्या थांबण्यापूर्वीच देविका जिन्याकडे धावली. सुधन्वा वरच येत होता.

"आता बोला," ती धापा टाकत म्हणाली. "त्या आजोबांनी काय?"

"विचारलं, 'डॉक्टर, लग्न का नाही केलंत?' म्हटलं, मनासारखी भेटली नाही. तासाभरात तुम्ही माझ्या ऑटोत शिरलात."

"माझ्या ऑटोत. आणि... एवढंच? सुयांचं काहीच नव्हतं? अहो, मग तेव्हाच सांगायचं ना."

"तोंडावर हात होता." त्याने नजर झुकवली. "आणि खरं सांगू? तो काढावा असं वाटलंच नाही."

देविकाने तोच तळहात त्याच्यापुढे धरला.

"घ्या मग," ती म्हणाली. "पण परत करता येणार नाही हं... आणि मलाही परत मागता येणार नाही."