विधवेच्या खडकाकडची शीळ

त्या दिवशी मी रताळी घेऊन किनाऱ्यावर चालले होते. रोजचंच काम. पाण्यात गेलेल्या बायका दुपारी वर येतात तेव्हा थंडीने त्यांची दातखीळ बसलेली असते, म्हणून त्यांच्या आधी पोचायचं, दगडी आडोशात शेकोटी पेटवायची आणि रताळी राखेत सारून ठेवायची. मी तेव्हा सतरा वर्षांची. बुडी मारायला शिकत होते, पण माझी धाव कमरेएवढ्या पाण्यातल्या शंखांपर्यंतच. थंडी सरत आली होती, वारा पडला होता आणि समुद्रावर धुकं इतकं दाट, की लाट दिसायच्या आधी पायाला लागायची.

आडोशाजवळ एक बाई उभी होती. अंगात पाणबुड्या बायकांचे पांढरे सुती कपडे, नखशिखांत भिजलेली.

"ग्विरे," ती म्हणाली, "किती उंच झालीस गं."

टोपली माझ्या पाठीवरून घसरली. ती माझी ओकसिमताई होती.

सहा वर्षांपूर्वी ताई घर सोडून गेली होती. कोरियातल्या आमच्या जेजू बेटावर बाजाच्या पेटीवर गाणी म्हणत औषधं विकणारा एक माणूस आला होता, त्याच्याबरोबर. पळून जाणाऱ्या मुली बेटाने पाहिल्या नव्हत्या असं नाही. पण ताई गेली ती बाबांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सगळं गाव जेवायला आलं आणि थोरली लेक कुठे आहे, हे आईला प्रत्येकाला सांगावं लागलं. त्यानंतर आई म्हणायची, मला एकच मुलगी आहे. समुद्रापलीकडच्या बुसान शहरातून ताईची तीन पत्रं आली. तिन्ही आईने न फोडता चुलीत घातली.

आणि आता ताई समोर उभी होती, हसत होती. मला रडू आवरेना. काल संध्याकाळी आले, म्हणाली, पण घरी यायचं धाडस झालं नाही, म्हणून आधी पाण्यात उतरले. ते मला पटलं. ताईचं पाण्यावाचून कधीच चाललं नव्हतं.

बायका वर आल्या. त्यांची म्होरकी जोंगनान मावशी, जिने ताईला बुडी शिकवली होती, तिने ताईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिला इतक्या शिव्या दिल्या, की शेवटी तिलाच हुंदका फुटला. आई सगळ्यांच्या शेवटी आली. ताईकडे तिने खूप वेळ पाहिलं. मग वाळक्या भोपळ्याचा आपला तरंगा आणि शंखांची जाळी उचलून ती घराकडे चालू लागली.

ताई मुकाट मागून आली. आईने तिला हाकललं नाही, पण दहा दिवस तिच्याशी बोललीही नाही. जवाचा भात आणि शेवाळाचं सार तिच्यापुढे ठेवायचं काम माझं. पुढ्यात येईल ते ताई खायची. एकदा मी साराला मीठ घालायला विसरले, आईने पहिल्याच घोटाला वाटी खाली ठेवली, ताईने तळापर्यंत संपवलं. झोपायची दाराजवळ, उंबऱ्याला डोकं लावून.

तिचे ओले कपडे मी अंगणातल्या काळ्या दगडांच्या भिंतीवर वाळत घातले. आमच्या बेटावर वाऱ्याला तोटा नाही, तासाभरात कपडे कोरडे होतात. तिचे तीन दिवस टपकत राहिले. मला वाटलं, धुकं आहे म्हणून. शेजारी आईचे मात्र खडखडीत वाळले होते.

पण खरं सांगू, तेव्हा असल्या गोष्टींकडे माझं लक्षच नव्हतं. मी नुसती आनंदाने उड्या मारत होते. ताई माझे केस विंचरायची, लहानपणीच्या चहाड्या आठवून मला चिडवायची. मी भित्री होते, आता ती मला श्वास कसा धरायचा ते शिकवत होती. एकदा मी म्हटलं, चल, टेकडीवर बाबांच्या थडग्याला जाऊन येऊ. ती हसली.

"वर काय आहे?" ती म्हणाली. "सगळं खालीच तर आहे."

अकराव्या दिवशी रात्रीच्या जेवणाला आईने मासा भाजला. काटे काढले, आणि मऊ तुकडा माझ्या ताटलीत न ठेवता ताईच्या भातावर ठेवला.

"जेव," आई म्हणाली.

ताईने मान खाली घातली. "आई," ती इतकंच बोलली. आईने डोळे मिटून घेतले. तो शब्द ऐकताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते मला आजही दिसतं, पण कशासारखा ते सांगता येत नाही.

त्यानंतर आमचं घर बदललं. आई हसायला लागली. दोघी एकत्र पाण्यात जायच्या आणि इतर बायकांच्या दुप्पट माल आणायच्या, तळहाताहून मोठे शिंपले, जे जोंगनान मावशीनेही वर्षानुवर्षं पाहिले नव्हते. कुठून आणता, तर विधवेच्या खडकाकडून. तिकडे गावातलं कोणी जायचं नाही. खडकाच्या पलीकडे तळ एकदम तुटतो आणि ओढ खाली खेचते. जोंगनान मावशीने आईला बाजूला घेऊन झापलं. आई म्हणाली, मुलगी बरोबर आहे माझ्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी पण मुलगीच होते.

तीन आठवडे झाले होते. त्या सकाळीही धुकं होतं. आईच्या पाण्यातल्या चष्म्याची काच तडकली होती, नवी काच घालून तो चष्मा शहरातल्या दुकानातून बसच्या वाहकाबरोबर येणार होता, आणि तो आणायला मी थांब्यावर जाणार होते. निघण्याआधी मी किनाऱ्यावर थांबून दोघींना निरोप दिला. आई जोंगनान मावशीचा जुना, जादाचा चष्मा मागून घेत होती. ताई वाकून आपल्या तरंग्याची दोरी बांधत होती. मी डोळ्यांनी पाहिलं, दोघी पाण्यात शिरल्या.

मग मी रमतगमत थांब्यावर गेले. बस आली. वाहकाने कागदात गुंडाळलेला चष्मा माझ्या हातात दिला, आणि त्याच्यामागून ताई उतरली.

करड्या रंगाचा कोट, कुरळे करून घेतलेले आखूड केस, एका बुटाची टाच निघालेली, बोटाला चिंधी, हातात कापडाचं बोचकं. क्षणभर मी चक्क हसले. म्हटलं, ही शहरात जाऊन केस करून आली आणि आम्हाला पत्ताही नाही. पण ते हसू तोंडावर तसंच राहिलं. अर्ध्या तासापूर्वी मी तिला समुद्रात जाताना पाहिलं होतं.

"ताई," मी म्हटलं, "तू तर आत्ता... आईबरोबर पाण्यात गेलीस."

तिने मला वेड्यात काढलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आई कुठे आहे?"

"विधवेच्या खडकाकडे. रोज जातात दोघी... तू आल्यापासून."

बोचकं तिथेच रस्त्यावर पडलं. टाच नसलेला बूट तिने पायातून उडवला, मग दुसरा. आम्ही धावत सुटलो. शेतांच्या दगडी बांधांवरून, बोरूच्या झुडपांतून, ती पुढे, मी मागे. धावता धावता मी तिला सगळं सांगत होते, धापा टाकत, तुटक तुटक, आणि ती एकदाही मागे वळली नाही.

टोकाच्या खडकावर आम्ही थांबलो. समोर सगळं पांढरं. पाण्याचा वास आणि कुजक्या शेवाळाचा. पाणबुडी बाई वर आली की छातीत कोंडलेला श्वास शीळ घालत सोडते. प्रत्येकीची शीळ वेगळी असते, माणसाच्या आवाजासारखी, गावातलं शेंबडं पोरही ऐकून सांगेल कोण वर आलं ते. धुक्यातून आईची शीळ आली, लांब आणि जाडसर, शेवटी थोडी फाटलेली. तिच्यामागोमाग दुसरी आली. बारीक, दोन टप्प्यांत चढणारी.

माझ्या शेजारी ताई हलली नाही.

"ती माझी शीळ आहे," ती हळूच म्हणाली.

मग तिने कोट काढला आणि आतल्या कपड्यांनिशी उडी मारली. माझ्या हातातला चष्मा द्यायचंही मला सुचलं नाही.

सहा वर्षांत ती समुद्राला शिवली नव्हती. मी खडकावर उभी राहून ऐकत होते, दुसरं काय करणार. उजवीकडून आईची शीळ. मग तीच बारीक शीळ, दोन टप्प्यांत चढणारी. आणि मग डावीकडून, जवळून, अगदी तशीच. फरक शून्य. एकदा इकडे, एकदा तिकडे. जवळच्या पाण्यातल्या बायकांनीही ते ऐकलं असावं. सात-आठ जणी आपापल्या भोपळ्याला धरून धुक्यात नुसत्या तरंगत राहिल्या. कोणी कोणाला हाक मारली नाही. जोंगनान मावशी तेवढी विधवेच्या खडकाच्या दिशेने पोहत निघाली.

आईची शीळ थांबली.

मी आकडे मोजू लागले. आई शंभरापर्यंत श्वास धरायची, फार तर एकशेवीस. एकशेतीसला मला माझाच श्वास लागला. एकशेपन्नासला दोन्ही बारीक शिळाही गप्प झाल्या. लाटसुद्धा वाजत नव्हती. दोनशे झाले असतील, किंवा मी मध्येच आकडे गाळले असतील... आणि एकच शीळ आली. बारीक, दोन टप्प्यांची. कोणाची, ते मला कळेना. ती हळूहळू किनाऱ्याकडे येत होती, आणि माझे पाय मला मागे ओढत होते.

आधी जोंगनान मावशी दिसली. तिच्या तरंग्यावर आई पालथी घातलेली, आणि पलीकडून ढकलणारं डोकं. आखूड, कुरळे केस कपाळाला चिकटलेले. तेव्हा मी पाण्यात उडी घेतली, गळ्याएवढ्या पाण्यात, आयुष्यात पहिल्यांदा.

आईच्या पोटातून बादलीभर पाणी निघालं. शेकोटीजवळ तिला पालथी झोपवून आम्ही पाठ चोळत होतो. तिच्या कमरेची दोरी, जिने ती तरंग्याला बांधलेली असायची, ती तुटली नव्हती. गाठ सोडलेली होती. नीट, हाताने. जोंगनान मावशीने दोरीचं ते सुटं टोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोरी गुंडाळून ठेवली.

आईने डोळे उघडले. ताई समोर कुडकुडत बसली होती.

"हे केस काय करून घेतलेस," आई म्हणाली.

ताईने हसायचा प्रयत्न केला आणि ती जी रडली, की जोंगनान मावशीला तिला धरून ठेवावं लागलं. आईने हात लांबवून तिचं चिंधी बांधलेलं बोट धरलं. ते बोट तिने रात्रीपर्यंत सोडलं नाही.

दुसरी पुन्हा कोणाला दिसली नाही. तिचा तरंगाही सापडला नाही.

पुढे आठ दिवस आई अंथरुणात होती. एकदा मी तिला पेज भरवत होते तेव्हा म्हणाली, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मी. माझ्या पोटची नाही ती, हे मला कळणार नाही होय. मी विचारलं, मग घरात का घेतलंस?

"जिची पत्रं जाळली, ती कशी येणार," ती म्हणाली. "ही आली. रोज मला आई म्हणायची. पाण्यात माझा हात धरायची... खाली चल म्हणाली, तर मी गेले."

ताई पुन्हा बुसानला गेली नाही. औषधवाला तिला पहिल्याच वर्षी सोडून गेला होता. त्यानंतर ती शिवणाच्या कारखान्यात राबत होती. ते सगळं तिने आईला सांगितलं आणि आईने ऐकून घेतलं, मधूनमधून शिव्या घालत. घरात पुन्हा हसणं-भांडणं सुरू झालं. मी तर हवेत होते.

आई हिंडूफिरू लागल्यावर आम्ही दोघी बहिणी टेकडीवर गेलो, बाबांच्या थडग्यावरचं गवत काढायला. लख्ख ऊन होतं. खाली समुद्र निळाशार. गवत उपटता उपटता मी ताईला म्हटलं, नशीब तू नेमकी त्याच दिवशी आलीस. एक दिवस उशीर झाला असता तर.

ताईचे हात थांबले.

"नशीब कसलं," ती म्हणाली. "माझी काय हिंमत होती येण्याची. तूच तर आलीस मला न्यायला."

जन्मात तोवर मी बेटाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

ती सांगत होती, सहज, गवताची मुळं झटकत. भर दुपारी कारखान्याच्या फाटकाशी मी उभी होते. अनवाणी. आई आता फार दिवस वाट बघणार नाही, असं म्हणाले. रात्रभराच्या बोटीवर तिच्या शेजारी बसले होते, काही खाल्लं नाही, फारसं बोलले नाही. थांब्यावर मी दिसले तेव्हा तिला वाटलं, मी दुसऱ्या कुठल्या गाडीने तिच्याआधी पोचले असेन.

"आणि बोटीवरून उतरताना?" मी विचारलं.

"उतरताना तू धक्क्यावर मागे राहिलीस. म्हणालीस, तू हो पुढे, मी येतेच मागून."

त्याला आता पंचावन्न वर्षं झाली. आई गेली, ताईही गेली. घरात मी एकटी असते.

मागून येतेच म्हणाली होती, ती अजून यायची आहे.