एक्केचाळीस नंबरची निरोपपेटी

अंबाजोगाईहून शिरूर कासारला पोचायला रुद्रेशला गाड्या बदलाव्या लागल्या आणि त्यात अर्धा दिवस गेला. काम तसं किरकोळ होतं. शिरूरच्या मन्मथअप्पांच्या एसटीडी बूथमध्ये त्यानं बसवलेली निरोपपेटी दोन दिवसांपासून निरोप घेईना. फोन लागायचा, पेटी बोलायची, पण माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच 'जागा शिल्लक नाही' म्हणून गप्प व्हायची. तासाभराचं काम आणि मग दुपारच्या गाडीनं परत, असा बेत करून तो निघाला होता.

निरोपपेटी ही त्याची स्वतःची करामत. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरची लिनक्स प्रणाली, पुण्याच्या जुन्या बाजारातला एक संगणक आणि आवाज टिपणारा मोडेम, एवढ्यावर त्यानं ती उभी केली होती. दोन हजार साल होतं. ज्याला माउस धड धरता येईना तोसुद्धा अमेरिकेचं तिकीट खिशात असल्यासारखा बोलायचा. रुद्रेश म्हणायचा, ज्या मुलखातली निम्मी माणसं सहा महिने ऊस तोडायला जातात त्या मुलखाला अमेरिका नको, निरोप पाहिजे. फडावरच्या माणसानं शिरूरचा नंबर लावायचा, आपल्या घराचा आकडा दाबायचा आणि बोलायचं. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी बाजाराच्या दिवशी बूथवर येऊन ऐकायचं. कल्पना खरोखर चांगली होती. चांगली कल्पना काढणारा माणूस चांगला असतोच असं मात्र नाही.

सतरा दिवसांपूर्वी तो याच बूथमध्ये बसला होता आणि शेजारी होता बिभीषण मुकादम. कारखान्याला तोडणीच्या जोड्या पुरवणारा माणूस. त्याला वीस गावांसाठी वीस पेट्या हव्या होत्या. मन्मथअप्पा जेवायला गेले होते. आवाज किती स्वच्छ येतो हे दाखवायला रुद्रेशनं पेटीला स्पीकर लावला आणि नेमका त्याच वेळी एक फोन आला. एक्केचाळीस नंबरसाठी. म्हणजे धुळाजी मेंढपाळासाठी, त्याच्या लेकीचा, सत्यभामाचा.

"आबा, माझ्या पोटात लई दुखतंय. चार दिस झाले, अंगावरनं जायचं थांबंना. मुकादम घराकडं येऊ देत न्हाई. म्हनतो कोयता मोडतो. आबा, तुमी या. मला न्यायला या..."

फडावर नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. दोघांतलं एक माणूस गेलं की कोयता मोडला.

"हे पूस," मुकादम म्हणाला.

"अजून बोलतायत त्या."

"म्हनून तर पूस. वीस पेट्या पायजेत का न्हाई तुला?"

रुद्रेशनं स्पीकर बंद केला आणि फाइल पुसायची आज्ञा दिली. ती बोलत असताना दिली. मग घड्याळ बघितलं आणि गाडी गाठली. चौथ्या दिवशी सत्यभामा फडावरच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, वारली. तिला तिकडंच अग्नी दिला. धुळाजीला सांगितलं, अचानक झालं, काही कळवायलाही सवड मिळाली नाही. खरं काय ते रुद्रेश आणि मुकादम दोघांनाच ठाऊक होतं आणि उद्या मुकादम वीस पेट्यांच्या कागदावर सही करणार होता. आलेला निरोप पेटीतनं पुसता येतो हे एकदा बाहेर फुटलं असतं, तर रुद्रेशच्या पेटीला कुणी दारात उभं केलं नसतं. त्यामुळं पेटी बिघडल्याचं कळताच, दुसऱ्या कुणाला न पाठवता, तो स्वतःच निघून आला होता.

बाजाराचा दिवस असून गाव ओस होतं. गल्लीगल्लीत दारांना कुलपं, कट्ट्यावर एखादी म्हातारी. वीज गेलेली. बूथचं शटर उन्हासाठी निम्मं खाली ओढलेलं, आत अंधार आणि बॅटरीतल्या तेजाबाचा आंबूस वास. पेटी बॅटरीवर घुरघुरत होती.

"शरणार्थ, रुद्रेशअप्पा," मन्मथअप्पा हात जोडून म्हणाले. "लई बोलणी खातोय बघा मी तुमच्या पेटीपायी. चहा सांगू का?"

"सांगा. तोवर बघतो काय झालंय ते."

मन्मथअप्पा शटरखालून वाकून बाहेर गेले. बाहेर एक जीप भोंगा वाजवत गेली. रुद्रेशनं पडदा उजळला आणि आधी साठलेल्या निरोपांची बेरीज काढली. डिस्कचा आठवा हिस्सासुद्धा भरत नव्हता. मग डिस्कची अवस्था विचारली. पूर्ण भरलेली. शंभर टक्के.

हा घोळ कुठल्याही लिनक्सवाल्याला माहीत असतो. या प्रणालीत फाइल पुसली म्हणजे यादीतलं तिचं नाव तेवढं जातं. कुणी ती फाइल उघडी धरून बसलं असेल, तर धरणारा सोडेपर्यंत आतला मजकूर जागेवर राहतो. नावाशिवाय. कुणाला न दिसता. आणि धरणारा त्यात लिहीत असेल तर ती वाढतसुद्धा राहते. म्हणजे कुणीतरी पुसलेली फाइल धरून बसलं होतं. कोण, ते त्यानं पेटीला विचारलं.

उत्तर एका ओळीत आलं. निरोप टिपण्याचं काम. पेटी नंबर एक्केचाळीस. सुरू होऊन सतरा दिवस.

रुद्रेशनं ती ओळ पुन्हा वाचली. त्यानं पुसलं तेव्हा ती बोलत होती. आणि या यंत्राच्या मते ती अजून बोलत होती. तिनं फोन ठेवलाच नव्हता.

त्यानं स्वतःला समजावलं. मोडेम अडकला असेल, लाइनची खरखर भरत गेली असेल. पण लाइन एकच होती. ती सतरा दिवस धरलेली असती, तर परवापर्यंत गावोगावचे निरोप आले कुठून? ते तर आले होते. त्यानं मोजले होते.

चहाचे ग्लास घेऊन मन्मथअप्पा आत आले. रुद्रेशनं शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं, "एक्केचाळीसचं कुणी येतं का हल्ली?"

"धुळाजी येतो की. लेक वारली त्याची, तुमाला ठावं हाय का न्हाई? दर मंगळवारी येतो. पेटी म्हणती निरोप न्हाई, तरी हा अर्धा अर्धा घंटा फोन कानाला लावून बसतो. मधीच हूं म्हणतो. आता काय बोलावं बघा म्हाताऱ्याला. आज बी येईल."

"मग का बसू देता?"

"बसला तर बसला. आपलं काय जातंय?"

कुणीतरी हाक मारली म्हणून मन्मथअप्पा पुन्हा बाहेर गेले. रुद्रेश एकटा राहिला. निघून जावं असं त्याला फार वाटलं, पण आपण काय पुसलं आणि काय राहिलं हे कळल्याशिवाय उद्या सहीला बसणं त्याच्या जिवाला पेलणारं नव्हतं. त्यानं स्पीकर जोडला, आवाज अगदी बारीक ठेवला आणि ती नाव नसलेली फाइल सुरुवातीपासून लावली.

आबा, माझ्या पोटात लई दुखतंय... सगळं तसंच होतं. मला न्यायला या... मग त्यानं त्या दिवशी न ऐकलेला भाग आला.

"आबा? ...हॅलो? ...कोन हाय तितं? ...कोनतरी हाय. मला श्वास ऐकू येतोय तुमचा..."

रुद्रेशनं कीबोर्डवरचा हात काढून घेतला. स्पीकरमधून वाळक्या पाचटाची सळसळ येत राहिली. कण्हणं. पुन्हा सळसळ. तो बरंच पुढं गेला. सळसळ. आणखी पुढं गेला. शेवटी त्यानं ठरवलं, आता अगदी शेवटचं ऐकायचं, डिस्क भरून टिपणं थांबलं तिथलं, आणि मग उठायचं.

शेवट परवाचा असायला हवा होता.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग पेटीची घुरघुर. मग मन्मथअप्पांचा आवाज, जरा लांबून. "चहा सांगू का?" मग त्याचा स्वतःचा. "सांगा. तोवर बघतो काय झालंय ते." जीपचा भोंगा. आणि त्यानंतर माइकच्या अगदी जवळून, दमलेल्या बाईनं म्हणावं तसं हळू, एकच शब्द.

"आला..."

बूथमध्ये माइक नव्हता. पेटीला तो कधी बसवलाच नव्हता.

त्याच्या हातात त्या घडीला दोन गोष्टी होत्या. एका आज्ञेत ती फाइल नाव देऊन वाचवता आली असती आणि धुळाजीला लेकीचा आवाज मिळाला असता, तिनं आबाला बोलावलं होतं हे कळलं असतं. दुसऱ्या आज्ञेत ते टिपण्याचं काम मारता आलं असतं आणि मग कुणाच्या बापाला काही सापडलं नसतं. रुद्रेश भ्याला होता हे खरं, पण नुसती भीती असती तर तो उठून पळाला असता. तो पळाला नाही. त्यानं वीस पेट्या आठवल्या आणि दुसरी आज्ञा दिली.

डिस्क मोकळी झाली. स्पीकर गप्प झाला. पेटीची घुरघुर तेवढी उरली.

शटरखालून एक काठी आत आली, मग लाल पागोटं, मग धुळाजी. अंगाला मेंढरांचा वास. त्यानं रुद्रेशकडं पाहून मान हलवली आणि फोनपाशी बसला. मागून आलेल्या मन्मथअप्पांनी त्याला एक्केचाळीस दाबून दिलं.

"नीट झाली पेटी," रुद्रेश म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "पण तुमच्यासाठी काही नाही, बाबा. आलंच नव्हतं काही."

धुळाजी फोन कानाला लावून ऐकत राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. त्यानं फोन दोन्ही हातांनी जागेवर ठेवला.

"ठिवला तिनं आज," तो म्हणाला.

"कुणी?" मन्मथअप्पांनी विचारलं.

"सत्यभामानं. मागल्या मंगळवारी म्हनली व्हती, आबा, तुमी नगा येऊ, तुमाला एवढं लांब जमायचं न्हाई. ज्यानं मला मधीच तोडलं तो येनार हाय. तो आला की फोन ठिवते अन् त्याच्याच संगं निगते."

मन्मथअप्पांना काही समजलं नाही. ते रुद्रेशकडं बघत राहिले. रुद्रेशनं पिशवी उचलली, गाडीची वेळ झाली असं काहीतरी पुटपुटला आणि शटरखालून बाहेर पडला. उन्हानं डोळे दिपले. धुळाजी त्याच्या मागोमाग दारापर्यंत आला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याची नजर रुद्रेशच्या तोंडावर नव्हतीच, त्याच्या डाव्या खांद्याच्या जरा मागं होती आणि तिच्यात माया होती.

"सायेब, हळू चाला," तो म्हणाला. "तिला उन्हाचं चालवत न्हाई."

रुद्रेशला पळायचं होतं. सगळा जीव गोळा करून पळायचं होतं. पण स्टँडपर्यंतची ती सरळ वाट तो पावलापावलावर थांबत, ओटीपोट धरून चालला.