पत्र्याच्या आतला माणूस

बसा रे जवळ. मोबाइल खिशात घाला, त्या उजेडात ही गोष्ट सांगता येत न्हाई. आणि मधीच 'काका, खरं का' म्हणून विचारायचं न्हाई. मागच्या गल्लीतल्या नागसेनच्या तोंडून मी ऐकलीय. तो माणूस जन्मात एकदाच खोटं बोल्ला, ते पण येईल पुढं.

दोन हजार चोवीसचा चौदा डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती. दिवस मावळायच्या टायमाला नागसेन मोटारसायकल घेऊन नवीन जालन्याला गेल्ता. काम साधं होतं. अल्मासभाभीच्या घरून पत्र्याचा पोशाख आणायचा.

पोशाख कसला, ते सांगतो. वडीगोद्रीचा मिथुन लग्नाचे व्हिडिओ काढायचा. त्यानं एक पिक्चर केल्ता, दुसऱ्या ग्रहावरचा यंत्रमानव आपल्या ज्वारीत उतरतो असा. यूट्यूबवर एवढा चालला की मिथुन चहाच्या टपरीवर पण गॉगल काढीना. यंत्रमानव झाल्ता अलीमभाई, कूलर बनवणारा कारागीर. कूलरच्याच पत्र्यातून त्यानं आपल्या मापाचा पोशाख बनवला. कॅमेऱ्यात जोड दिसू नये म्हणून मिथुननं सहाच्या सहा स्क्रू पाठीवर घ्यायला लावले. म्हणजे आतल्या माणसाला आपला आपण निघता येत न्हाई, बाहेरच्यानंच पेचकसनं खोलायचं. जीव घाबरला तर आतून छातीवर तीनदा ठोकायचं, असं ठरलेलं.

लोकांनी दुसरा भाग मागितला. मे महिन्यात खडी क्रशरच्या माळावर शूटिंग लागलं. ऊन त्रेचाळीस. भर दुपारी अलीमभाईनं तीनदा ठोकलं. नागसेनकडं आवाजाचं काम होतं, हेडफोनात त्याला बराबर ऐकू आलं. त्यानं मिथुनला हातानं खूण केली.

मिथुन म्हणला, "ऊन सरकून राह्यलं. एवढा शॉट होऊ दे."

एवढा शॉट चारदा झाला. अलीमभाई ठोकतच होता आणि नागसेन हेडफोन लावून उभाच होता. चौथ्यांदा अलीमभाई झोकांड्या खात पडला. मिथुननं टाळ्या वाजवल्या, काय ॲक्टिंग केली म्हणून. स्क्रू खोलले तोवर अलीमभाई गेलेला होता.

मंग मिथुननं सगळ्यांना दम दिला. डॉक्टरला सांगितलं, जेवता जेवता छातीत कळ आली. कागदावर हृदयविकार लागला. दफन त्याच संध्याकाळी झालं, कोणी काही विचारलं न्हाई. आणि तो पडायचा शॉट? तो मिथुननं पिक्चरमध्ये ठेवला. हे सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

शेवटचा एकच शॉट राह्यलता, यंत्रमानव रात्रीचा आपल्या ग्रहावर परत निघतो तो. पोशाख घालायला कोणी तयार होईना. मंग मिथुन म्हणला, मीच घालतो.

तर त्या दत्तजयंतीला अलीमभाईच्या बायकोनं, अल्मासभाभीनं, पोशाख काढून दिला. दारात उभं राहून तिनं विचारलं, "भाई, सच सांगा. ह्यांनी आतून ठोकलं होतं का?"

नागसेन म्हणला, "न्हाई भाभी. बिलकुल न्हाई."

भाभीनं पोशाख त्याच्याकडं सरकवला. मंग म्हणली, "घेऊन जा. त्यांचा आहे, ते बघून घेतील."

रात्री पावणेबारा. त्याच माळावर दोघंच. चांदणं स्वच्छ, आणि थंडी अशी की बोटं वळत न्हाईत. मिथुन आत शिरला. नागसेननं सहा स्क्रू आवळले आणि हेडफोन लावला.

मिथुन चालायला लागला. कानात त्याचा श्वास येत होता.

मंग… दुसरा श्वास.

नागसेनला वाटलं, वारा असंल. वारा नव्हता.

मिथुन थांबला. बारीक आवाजात म्हणला, "आत… कोणे?"

उत्तर आलं. अलीमभाईचा आवाज.

"ऊन सरकून राह्यलं. एवढा शॉट होऊ दे."

आणि ठोकणं सुरू झालं. तीनदा. परत तीनदा. नागसेन पेचकस घेऊन धावला. पत्र्याला हात लावला… तळहाताचं कातडं चिकटलं. मेच्या दुपारी तापतो तसा पत्रा. एक स्क्रू निघाला. दुसऱ्याला हात घातला… पहिला परत बसलेला. परत काढला. परत बसलेला.

गळ्यातल्या हेडफोनातून आवाज आला.

"थांब नागसेन. तवा पण थांबलाच होता ना तू."

त्याचे पाय… उचलेनात.

ठोकणं चालू होतं. मंग हळू झालं.

मंग…

सहाच्या सहा स्क्रू आपोआप खाली पडले.

उजाडायच्या आत नागसेन अल्मासभाभीच्या दारात गेला. सगळं सांगितलं, ठोकण्यासकट. भाभी खाली बसली आणि सात महिन्यांनी पहिल्यांदा मोकळी रडली.

इकडं सरकारी डॉक्टरनं मिथुनला तपासलं आणि विचारलं, हा माणूस उन्हात किती वेळ होता?

अलीमभाईच्या कागदावर जे लिहायला पाहिजे होतं, ते कोणी लिहू दिलं न्हाई. मिथुनचा कागद मी माझ्या डोळ्यांनी वाचलाय. तारीख पंधरा डिसेंबर. वेळ मध्यरात्रीनंतरची. कारण… उष्माघात.