देवाच्या कोंडीतले मासे

ज्या पाण्यात कुणी गळ टाकत नाही, तिथले मासे संपतात कसे? या कोड्यामुळे नऊ वर्षांच्या कौमुदीला घास गोड लागेना.

देवळामागच्या ओहोळात एक खोल कोंड होती. तिच्यातले बोटभर निळे मासे देवाचे. त्यांना कुणी हात लावत नसे. तीन वर्षांपूर्वी भिकाजी गुरवांनी, देवाची लेकरं पुरात वाहून जाऊ नयेत म्हणून, कोंडीच्या तोंडाशी न कुजणाऱ्या धाग्याची बारीक जाळी बसवली. ती रोज घासायची सेवा कौमुदीने मागून घेतली होती. तरी तीनशेंचे अकरा उरले. आज त्यातलाही एक मरून वर आला.

तो ओंजळीत घेऊन ती भाऊआजोबांकडे धावली. आजोबा मत्स्यशास्त्रज्ञ. त्यांचा मदतनीस शोध्या, खेकड्याएवढा यंत्रमानव.

"रडू नंतर, बाळा. आधी याला विचारू."

"मेलेल्याला?"

"त्याच्या कानाला!"

शोध्याने माशाचा कर्णाश्म (कानातला मोहरीहून बारीक खडा) काढला. भिंतीवर त्याचं मोठं चित्र उमटलं. झाडाच्या खोडात वर्षांची वर्तुळं असतात, तशी याच्यात दिवसांची.

"आतली दीडशे वर्तुळं खाऱ्या पाण्यातली," शोध्या म्हणाला, "बाहेरची गोड्या पाण्यातली."

"समुद्रातली? पण हा तर आपल्या कोंडीतला!"

"अंडी इथेच, दगडाखाली," आजोबांनी समजावलं. "पण पिल्लाचं खाणं समुद्रात. चार-पाच दिवसांत ते तिथे पोहोचलं नाही, तर उपाशी मरतं. प्रवाहच त्याला वाहून नेतो. जरा मोठं झालं, की शोषचकतीने (पोटाखालच्या चिकटणाऱ्या वाटीने) धबधब्याचा कातळ धरत धरत वर येतं."

 कौमुदी हळूच म्हणाली, "म्हणजे त्यांची वाट मीच अडवत होते? रोज?"

 आजोबांनी तिला जवळ घेतलं. "मायेनंच केलंस गं. आता समजून कर."

कोंडीत उतरून आलेल्या शोध्याने सांगितलं, की एका दगडाखाली अंडी आहेत आणि ती आज संध्याकाळी फुटतील. बहुधा ही शेवटचीच.

आजोबा आणि कौमुदी जाळी काढायला आले, तेव्हा भिकाजी गुरव तिच्यापुढे उभे राहिले. "भाऊ, तुम्ही शिकलेले. पण देवाची लेकरं समुद्राच्या तोंडी देऊ?"

"हजारातून दोन परत येतील, भिकाजी. अडवलीत तर एकही नाही."

"काका," कौमुदी म्हणाली, "तुमचा मुलगा बोटीवर नोकरीला गेला, तेव्हा डबा तुम्हीच बांधून दिलात ना?"

"लई बोलतेस!" गुरव म्हणाले. पण त्यांचे डोळे भरून आले. देवाचं नाव घेऊन ते कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि कोयत्याने जाळी कापली.

सांजावताना शोध्याने पाण्यावर मंद उजेड धरला. काचेच्या कणांसारखी पिल्लं दगडाखालून निघाली, क्षणभर घोटाळली आणि प्रवाहाबरोबर निघून गेली. कौमुदीने हात जोडले.

"हीच परत येतील ना, आजोबा?"

"सांगता येत नाही. समुद्रात सगळ्या ओहोळांची पिल्लं मिसळतात. आपली दुसऱ्या ओहोळात चढतील, त्यांची आपल्याकडे."

गुरव ओलेत्यानेच काठावर बसले होते. 

"पोरी," ते म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. पलीकडच्या ओहोळांवरच्या दोन देवळांत जायचंय. माझी बघूनच त्यांनीही जाळ्या बांधल्यात."