कुमुदचे छत्तीस वाण

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या वेधशाळेत रंगनाथ हुद्दार एकटाच राहत होता, आणि हे एकटेपण त्याने मागून घेतलं होतं. चौदा महिने माणसाचं तोंड दिसणार नाही म्हटल्यावर भल्याभल्यांनी काढता पाय घेतला. या गड्याने अर्ज केला आणि वर तगादा लावला. बायको गेल्याचं दुःख विसरायला चाललाय, असं सगळे म्हणाले. खरी गोष्ट नेमकी उलटी होती.

दहाव्या महिन्यात त्याचं शरीर कुरकुरू लागलं. अन्न पचेना, झोप लागेना, बोटावरची साधी चीर तीन आठवडे भरून येईना. पृथ्वीवरून त्याची प्रकृती सांभाळणाऱ्या डॉक्टर शर्वरी नेर्लेकरांनी त्याच्या आंत्रवाटिकेची, म्हणजे आतड्यातल्या जीवाणूंच्या वसाहतीची, तपासणी मागवली. निरोगी माणसांच्या जीवाणूंच्या कॅप्सूल ठाण्यावर होत्या. त्या सुरू करा, असं त्यांनी तीनदा सांगितलं. रंगनाथने तीनदा टाळलं. चौथ्यांदा त्यांनी कारण विचारलं.

"एका घरात राहणाऱ्यांचे जीवाणू एकमेकांत जातात ना, डॉक्टर?"

प्रश्न जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागत.

"जातातच. एका ताटातून, एका उशीवरून. 'वाण नाही पण गुण लागला' म्हणतात, पण इथे वाणही, म्हणजे जीवाणूंची खास जातही लागते, आणि वर्षानुवर्षं टिकते. पचन, झोप, जखम भरणं, बरंचसं त्यांच्या जिवावर चालतं."

मग त्याने सगळं सांगून टाकलं. कुमुदला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या आजारपणातले नमुने जीवाणूंच्या राष्ट्रीय नोंदीत होते, आणि तिच्या मागे झालेल्या तपासणीत रंगनाथच्या पोटात तिचे छत्तीस वाण सापडले होते. तिचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. त्या दिवसापासून तो कुणाच्या पंक्तीला बसला नाही, कुणाचा हात हातात घेतला नाही. परके जीवाणू आले तर तिचे हुसकावले जातील, ही त्याची धास्ती. शेवटी राखण करायला तो चंद्रावर आला.

डॉक्टरांनी त्याच्या ताज्या तपासणीचा अहवाल पुन्हा पाहिला.

"त्यातला एकही उरलेला नाही, हुद्दारसर," त्या म्हणाल्या. "एकच विरजण किती दिवस फिरवणार? दही बिघडलं की आपण शेजारी वाटी घेऊन जातोच ना? तसंच हे. साध्या तापानेही काही वाण मरतात, आणि भोवतालच्या माणसांकडून परत येतात. तुम्ही दारच लावून घेतलंत."

रंगनाथने संपर्क तोडला. दोन दिवस तो जेवला नाही. कुमुद दुसऱ्यांदा गेली, आणि ती आपल्याच हाताने, याखेरीज त्याला काही सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच हाक दिली. त्यांनी सारी राष्ट्रीय नोंद चाळून काढली होती. कुमुद सांगलीला बियाणे तपासणीच्या कचेरीत होती. तिच्यासह तिथल्या चौघी जणी अकरा वर्षं रोज दुपारी डबे एकत्र कालवून जेवत. आता तिघी उरल्या होत्या, पण पद्धत मोडली नव्हती. एकीचा मेलेला वाण दुसरीकडून परत येई. त्यांच्या परवानगीने नमुने ताडून पाहिले, तर तिघींत मिळून कुमुदचे छत्तीसच्या छत्तीस वाण नांदत होते.

"कॅप्सूल करून पाठवा," रंगनाथ म्हणाला.

"कॅप्सूलने पोट सावरेल, म्हणून इथल्या आजच सुरू करा. पण हे वाण रुजायला महिनोन्महिने सहवास लागतो. तुम्हाला त्या तिघींच्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसावं लागेल."

तो अवघडला. एवढ्या वर्षांत तो कुमुदच्या कचेरीची पायरीही चढला नव्हता. त्या बायकांची नावंसुद्धा त्याला धड ठाऊक नव्हती. कोण म्हणून जायचं, असं त्याने विचारलं.

"त्यांच्यातल्या थोरल्या, तबस्सुम मुजावर, त्यांच्या नमुन्यात आणखी एकोणीस अनोळखी वाण निघाले," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या जुन्या नमुन्याशी ताडले, ते तुमचे आहेत. कुमुदताई रोज घरून नेत होत्या, त्यांच्याही नकळत. तुमच्यातले मेले, तिथले अजून जिवंत आहेत. शरीराच्या हिशेबाने तुम्ही त्या घरातलेच आहात, सर."

परतीचं यान कधी आहे, एवढंच रंगनाथने विचारलं.