बोगद्यातलं पाठांतर

हाय वान घाटात माझी रेल्वेची चौकी बोगद्याच्या उत्तरेकडच्या तोंडाशी आहे. सकाळी चौकीवरच्या थ्वान काकांच्या हातची कडू कॉफी घशाखाली ढकलायची, पाना-हातोडी घ्यायची आणि रूळ ठोकत, बोल्ट आवळत निघायचं. बोगद्याच्या मध्यावर दा नांग शहराकडच्या हद्दीचा गस्तवाला खिएम समोरून येतो. दोघांनी कंदील वर करून एकमेकांचं तोंड पाहायचं आणि आकडा कोरलेल्या पितळी बिल्ल्यांची अदलाबदल करायची, म्हणजे दोन्हीकडची गस्त झाली याचा पुरावा.

शनिवार-रविवार मी दा नांगला रेल्वे अभियांत्रिकीच्या वर्गाला जायची. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा वर्ग तो. निम्मे पेंगत, उरलेले जांभया देत. पास झाले की तिथल्या कार्यालयात बदली. पदवीची हौस मला नव्हती, मला बोंग हवी होती. माझी पोर तिथेच सासूबाईंकडे वाढत होती आणि मी गेले की त्यांच्या मागे लपत होती. ओळख पटेपर्यंत माझी निघायची वेळ व्हायची.

तोंडी परीक्षा जवळ आली तसं मी बोगद्यातच मोठ्याने पाठांतर सुरू केलं. दुसरा वेळ होता कुठे?

“अगं क्वेन, आत बडबडू नकोस,” थ्वान काका म्हणाले. “ऐकणाऱ्याचंही पाठ होतं.”

“मग त्यालाच बसवते परीक्षेला. माझी तरी सुटका होईल.”

काका हसले नाहीत. बोगद्याच्या तोंडाशी उदबत्ती खोचून, आत न बघता ते मागे फिरले. म्हाताऱ्याचं काहीतरीच, असं म्हणून मी चालू लागले.

एकदा वळणावर बाहेरचा रूळ किती उचलायचा त्याचं सूत्र म्हणताना शेवटाशी अडले. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, त्यातून वजा... वजा...

“तूट,” अंधारातून आलं.

आवाज माझाच होता आणि शब्द बरोबर होता. मी कंदील फिरवून पाहिलं. ओला दगड, पाण्याची टिपटिप, गेलेल्या मालगाडीच्या धुराचा वास. डोकं दमलंय झालं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढे पुढे प्रतिध्वनी उशिरा यायला लागला. मी वाक्य संपवायची, मग जरा वेळ काहीच नाही, मग तेच वाक्य, कोणी तोंडात घोळवून बघावं तसं. माझं चुकलेलं असेल तर सुधारून. मला भीती वाटत होती, पण परीक्षेची त्याहून जास्त. आणि खोटं कशाला बोलू, उपयोगही होत होता.

एका सकाळी सूत्रं संपली तरी मी बोलतच राहिले. पास झाले की बोंगचे केस मीच धुणार.

“आणि मग?”

झोप डोळ्यांवर होती. मी उत्तर देऊन बसले. मग क्वांग शेवया करणार, तिला वरून शेंगदाणे जास्त लागतात. आणि मग? गल्ली कुठली, दार कसं उचलून ढकलावं लागतं, झोपवताना पाठीवर कुठे थोपटायचं, सगळं सांगितलं. बाहेर उन्हात आल्यावर कुठे कळलं, मी काय करून बसले ते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी न्याहारी करून आत शिरले. अवाक्षर काढायचं नाही असं ठरवलं होतं, तरी ओठ हलतच होते. मध्यावर समोर पावलं थांबली. कंदील दिसला नाही. खिएमचा विझला असेल. डोक्यात त्रिज्या घोळत होती; मान वर न करताच मी बिल्ला पुढे केला.

गार, ओल्या बोटांनी तो घेतला. दुसरा माझ्या तळव्यावर आला. पावलं दा नांगच्या दिशेने गेली, माझ्यासारखीच डावी टाच घासत.

मी परत वळणार तोच तिकडूनच एक कंदील हलत आला. खिएमने तो माझ्या तोंडासमोर धरला.

“ताई? तू गेली नाहीस?”

“कुठे?”

“सकाळी बिल्ला दिलास की मला! सुट्टी मिळाली, लेकीकडे निघालेय म्हणालीस. गाडीतून हात केलास.” तो एक पाऊल मागे सरला. “ताई, आता संध्याकाळ झालीये.”

माझा बिल्ला त्याच्या पट्ट्याला लटकत होता. माझ्या हातातल्या बिल्ल्यावरचा आकडा पार झिजून गेला होता.

मी धावत सुटले. बाहेर समुद्र काळा पडत चालला होता. मला पाहून थ्वान काका भिंतीला टेकले. मी चौकीतला फोन उचलला.

“हॅलो, कोण?” सासूबाई.

“आई, मी क्वेन. बोंग कुठाय? तिला घेऊन शेजारी जा. आत्ता!”

“असली थट्टा करू नये हो,” त्या म्हणाल्या. “क्वेन इथे पोरीचे केस पुसतेय.”

“आजी, कोण आहे?” बोंगने मागून विचारलं.

“कोणी नाही गं, सोन्या,” माझा आवाज म्हणाला.

बोंग खळखळून हसली. माझ्याजवळ ती तशी कधीच हसली नव्हती.